कृष्णामाई : तीर्थ आणि ठेव

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेल्या दोन नद्या निरनिराळ्या वाटांनी सह्याद्री उतरतात आणि कराड येथे पुन्हा एकमेकींना भेटतात. कृष्णा धोम, वाई, माहुली, उंब्रज ही गावे मागे टाकीत उत्तरेकडून येते. कोयना तापोळा, बामणोलीच्या खोऱ्यातून दक्षिणेस उतरते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि पाटणमार्गे कराडास पोहोचते. सामान्यतः एक नदी दुसरीला कडेने येऊन मिळते. येथे मात्र दोन्ही प्रवाह समोरासमोर येतात, एकमेकांत मिसळतात आणि मग एकरूप होऊन पूर्वेकडे वळतात. म्हणूनच या स्थानास 'प्रीतिसंगम' हे सार्थ नाव प्राप्त झाले आहे. संगमाच्या काठी कृष्णामाईचे मंदिर आहे, घाट आहे आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कै. यशवंतराव चव्हाण यांची समाधीही आहे. या थोर पुरुषाने आपल्या आत्मचरित्रास 'कृष्णाकाठ' असे नाव दिले, यावरून या नदीशी येथील माणसाचे नाते किती निकटचे आहे हे ध्यानी येते.

संगमावर येणारा भाविक स्नान करतो, ओटी भरतो, ओंजळीत पाणी घेऊन अर्घ्य देतो आणि तेच पाणी तीर्थ म्हणून प्राशन करतो. ते पाणी कोठून आले आणि आपल्यापाशी थांबून पुढे कोणाकडे गेले, हा विचार मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात तोच विचार मांडला आहे.

तीर्थ म्हणजे काय?

'तीर्थ' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, म्हणजे उतार, असा आहे. ज्या ठिकाणी माणूस सुखरूप पलीकडे जाऊ शकतो ते तीर्थ. पुढे या शब्दाला भवसागर तरून जाण्याचे स्थान हा आध्यात्मिक अर्थ प्राप्त झाला आणि देवावरील अभिषेकाच्या पाण्यासही आपण तीर्थ म्हणू लागलो. या तिन्ही अर्थांत पाणी आहे, आणि ते पाणी स्वच्छ असेल हे गृहीत धरलेले आहे.

कृष्णेच्या काठी अशा तीर्थांची जणू माळच गुंफलेली आहे. उगमाशी क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर, पुढे घाटांची नगरी वाई, वेण्णेच्या संगमावर क्षेत्र माहुली, कोयनेच्या संगमावर कराड, त्यापुढे समर्थ रामदासस्वामींनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक जेथे आहे ते बहे, दत्तक्षेत्र औदुंबर, वारणेच्या संगमावर हरिपूरचे संगमेश्वर, पंचगंगेच्या संगमावर श्रीक्षेत्र नृसिंहवाडी, आणि खिद्रापूरचे कोपेश्वर. कर्नाटकात शिरल्यावर कुडलसंगम व कुरवपूर आणि आंध्र प्रदेशात श्रीशैलम् हीदेखील कृष्णाकाठचीच क्षेत्रे होत. सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून ही नदी बंगालच्या उपसागरास मिळते.

माळेतील सर्व मणी एकाच दोऱ्यात ओवलेले असतात. कराडच्या घाटावर जे पाण्यात पडते ते बह्याच्या मारुतीपाशी जाते, औदुंबरच्या घाटाला लागते आणि सांगलीकरांच्या नळाला येते. कराडपासून थोड्याच अंतरावर, गोपाळ गणेश आगरकर यांच्या जन्मगावी टेंभू येथे, हेच पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोला यांसारख्या दुष्काळी तालुक्यांच्या शिवारांत नेले जाते. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी वणवण केलेल्या त्या गावांना कृष्णामाईचे दर्शन घडते ते कालव्यातून. ते कोणत्या रूपात घडावे, हे काही अंशी कराडच्या घाटावर ठरते.

एका शापाची कथा

कृष्णा, वेण्णा व कोयना या नद्यांच्या उत्पत्तीविषयी एक पुराणकथा प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ आरंभिला. त्या वेळी सावित्री येण्यास विलंब झाल्याने गायत्रीला तिच्या स्थानी बसविण्यात आले. सावित्री संतापली व तिने देवांना जलरूप होण्याचा शाप दिला. त्यानुसार विष्णू कृष्णा झाले, शंकर वेण्णा झाले आणि ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाले.

या कथेचा आशय मनन करण्याजोगा आहे. देव शापामुळे पाणी झाले, परंतु ते पाणी कोट्यवधी जीवांना वरदान ठरले. कराडचा संगम हे त्या कथेनुसार विष्णू व ब्रह्मदेव यांचे मीलनच होय, आणि शंकररूपी वेण्णा त्याआधीच माहुलीला कृष्णेत सामावलेली असते. म्हणजेच प्रीतिसंगमावर ओंजळ भरणाऱ्या भाविकाच्या हाती तिन्ही देवांचे तीर्थ येते.

शास्त्राचा आदेश

नदीत फुले, वस्त्रे, पूजेचे उरलेले साहित्य सोडणे हे धर्मकृत्य आहे, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक शास्त्राचा आदेश नेमका उलट आहे. ब्रह्मांडपुराणाच्या आधारे धर्मनिबंधकारांनी गंगेच्या पाण्यात वर्ज्य असलेल्या कृत्यांची यादी दिली आहे. तीत शौचविधी, अंगाचा मळ घासून काढणे, केस टाकणे, वस्त्र टाकणे यांच्या बरोबरीने निर्माल्य टाकणे याचाही स्पष्ट उल्लेख आहे. हे नियम गंगेसाठी आहेत, कृष्णेसाठी नव्हेत, असे कोणी म्हणेल. परंतु स्नानसमयी आपण श्लोक म्हणून गंगादी नद्यांना आपल्यापुढील पाण्यात आवाहन करतो. ज्या पाण्यात गंगेला बोलावले, त्या पाण्याला गंगेचे नियम लागू होणारच.

राजधर्मानेही हा विषय दुर्लक्षिलेला नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पुण्यस्थाने, पाणवठे व देवालये या ठिकाणी घाण करणाऱ्यास चढत्या क्रमाने दंड सांगितला आहे. पाणवठा आणि देवालय ही दोन्ही स्थाने एकाच नियमात घातलेली आहेत, हे विशेष.

लोकव्यवहारातही एक अलिखित शिस्त होती. गावोगावच्या नदीवर प्रवाहाच्या वरच्या अंगास पिण्याच्या पाण्याची जागा, त्याखाली स्नानाची, त्याखाली धुण्याची, मग गुरांची आणि सर्वांत शेवटी स्मशानाची, असा क्रम पाळला जाई. घाटाच्या पायऱ्या बांधणाऱ्यांना पाण्याच्या चढउताराचे ज्ञान होते आणि ते वापरणाऱ्यांना खालच्या माणसाची जाण होती. आज गावे वाढून एकमेकांना भिडली आहेत. एका गावाचे स्मशान जेथे संपते तेथेच दुसऱ्या गावाची जॅकवेल सुरू होते. त्यामुळे जुनी शिस्त तशीच्या तशी पुरेशी पडत नाही. परंतु तिच्यामागील भाव, खालच्या अंगाला कोणीतरी पाणी भरतो आहे ही जाणीव, आजही तितकीच आवश्यक आहे.

संत एकनाथ महाराजांची कथा सर्वश्रुत आहे. देवाला स्नान घालण्यासाठी कावडीतून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले आणि देवाला पाणी पोहोचले असे मानले. तहानलेल्या जीवाला पाणी देणे हाच नाथांच्या लेखी अभिषेक होता. पुढच्या गावाच्या पाण्यात घाण मिसळणे या कृतीस त्यांच्या दृष्टीने काय म्हणावे लागेल, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

नदी आजारी कशी पडते?

वाहत्या पाण्यात हवेतील प्राणवायू मिसळलेला असतो. मासे, जलचर व उपकारक जिवाणू याच प्राणवायूवर जगतात. फुले, पाने, अन्न, मैला असे कुजणारे पदार्थ पाण्यात पडले की त्यांचे विघटन करताना जिवाणू हा प्राणवायू वापरतात. थोडी घाण असेल तर नदी ती पचविते आणि काही अंतरावर पुन्हा निर्मळ होते. 'वाहते पाणी शुद्ध' ही म्हण यातूनच आली. परंतु घाण पचविण्याच्या मर्यादेपलीकडे गेली म्हणजे प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात, पाणी काळे पडते व त्यास दुर्गंधी येते.

विघटनासाठी किती प्राणवायू लागेल याचे माप म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, अर्थात बीओडी. स्नानयोग्य पाण्यासाठी आपल्या देशात मानके ठरलेली आहेत. त्यांनुसार अशा पाण्यात बीओडी प्रतिलिटर ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा आणि विरघळलेला प्राणवायू प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम असावा. मलजन्य जिवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा आहे. भाविक ज्या पाण्यात डुबकी घेतो आणि ज्याची चूळ घेतो, त्या पाण्याची ही किमान परीक्षा होय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते. २०२२ च्या अहवालात देशातील संख्या ३११ पर्यंत उतरली; महाराष्ट्राची मात्र ५५ झाली. २०१८ च्या त्या यादीत कृष्णा, वेण्णा व कोयना या तिन्ही नद्यांची नावे होती. पुराणाने ज्यांना विष्णू, शंकर व ब्रह्मदेव म्हटले त्यांची नावे प्रदूषितांच्या यादीत वाचावी लागणे, ही कोणाही श्रद्धावंताला अस्वस्थ करणारी बाब आहे.

सांडपाण्याचा हिशेब

या आजाराचे सर्वांत मोठे कारण शहरांचे सांडपाणी हे आहे. एक साधा हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार कराड नगरपालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. भुयारी गटार असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी असे सरकारी मानक आहे आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. या मानाने केवळ जुन्या हद्दीतच रोज सुमारे ५८ लाख लिटर सांडपाणी निर्माण होते. मलकापूर, सैदापूर, विद्यानगर, ओगलेवाडी, बनवडी ही लगतची वस्ती त्यात धरलेली नाही. सांगली तर याहून कितीतरी मोठे शहर. तेथील शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत न सोडता शेतीकडे वळविण्यासाठी धुळगाव योजना हाती घ्यावी लागली, हे या भागातील सर्वांना माहीत आहे.

नदीची पचनशक्ती तिच्या प्रवाहावर अवलंबून असते, आणि आज हा प्रवाह निसर्गाच्या हाती राहिलेला नाही. कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन त्यापासून वीज निर्माण केली जाते व ते वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्रास मिळते. कृष्णेचे पाणी धोम धरणात अडते आणि कराडच्या वरच्या बाजूस खोडशीच्या बंधाऱ्यातून कृष्णा कालव्यास जाते. या योजनांनी महाराष्ट्रास प्रकाश दिला व शेतकऱ्यास ऊस दिला. त्यांचे मोल कोणी नाकारू शकत नाही. परंतु उन्हाळ्यात पात्रातील पाणी घटते आणि बंधाऱ्यांमागे अडून त्याचा वेग मंदावतो, तेव्हा सांडपाणी मात्र पूर्वीइतकेच येत असते. पावसाळ्यात जी नदी शंभर घागरी घाण रिचविते तिला वैशाखात दहा घागरीही पचत नाहीत. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली येथे असंख्य मृत मासे पाण्यावर तरंगताना दिसले. मत्स्यावतारास वंदन करणाऱ्या समाजाने त्या दृश्याचा बोध घ्यावयास हवा.

'मग बोट आमच्याकडेच का?'

सांडपाणी व कारखान्यांची मळी हे खरे कारण असताना भाविकांच्या मूठभर फुलांना आणि गणेशमूर्तींना दोष का द्यावा, असा प्रश्न अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. एकूण घाणीत पूजासाहित्याचा वाटा सांडपाण्याच्या मानाने थोडाच आहे.

तथापि त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, हा वाटा वर्षभर पसरलेला नसून नेमक्या पर्वदिवशी व नेमक्या घाटावर एकवटतो. अनंत चतुर्दशीच्या एका रात्री जे पाण्यात पडते ते पचविण्यास नदीला अवधीच मिळत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही. ते तळाशी साचून राहते आणि मूर्तीवरील रासायनिक रंग पाण्यात उतरतात. थर्मोकोल व प्लास्टिक तर कधीच कुजत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनंतर काठच्या झाडांना लटकलेल्या चिंध्या व पिशव्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना अधिक सांगावयास नको. आपण जे नदीला दिले तेच नदीने आपल्याला परत केले होते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. सांडपाण्याच्या प्रश्नावर नगरपालिका, कारखाने व शासन यांना जाब विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे; १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने त्यासाठी राज्य मंडळाची व्यवस्थाही केली आहे. परंतु नदीला माता म्हणणाऱ्याने तो प्रश्न विचारताना स्वतःचे हात स्वच्छ असले पाहिजेत. जो भाविक निर्माल्याची पिशवी परत घरी नेतो, त्याच्या तक्रारीला वेगळेच वजन प्राप्त होते.

ज्यांनी करून दाखविले

श्रद्धेच्या बळावर नदी पुन्हा जिवंत होऊ शकते काय? याचे उत्तर पंजाबात मिळते. सुलतानपूर लोधी येथे गुरू नानकदेव ज्या काली बेईं नदीत स्नान करीत, ती सुमारे १६० किलोमीटरची नदी गावोगावच्या मैल्याने व जलपर्णीने बुजून गेली होती. इ. स. २००० मध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवेस आरंभ केला. स्वतः पाण्यात उतरून त्यांनी जलपर्णी काढली; हजारो भाविक फावडी व टोपल्या घेऊन त्यांना मिळाले. इतकेच करून ते थांबले नाहीत. काठच्या गावांचे सांडपाणी नदीत जाऊ न देता तळ्यांत साठवून, निवळवून शेतीला देण्याची साधी पद्धत त्यांनी रूढ केली. या कार्याबद्दल २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. नदीतील घाण काढणे हे अर्धे काम आणि घाण येण्याची वाट बंद करणे हे उरलेले अर्धे काम, हा त्यांच्या कार्याचा धडा आहे.

लंडनच्या टेम्स नदीचा इतिहासही बोधप्रद आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात तिच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालविणे अवघड झाले. १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी शहरातील तिचे पात्र निर्जीव ठरविले. त्यानंतर सांडपाणी शुद्धीकरणावर सातत्याने श्रम घेतले गेले आणि १९७४ मध्ये तिच्यात सॅमन मासा पुन्हा आढळला. एका पिढीच्या आत हे घडले.

महाराष्ट्रास तर या बाबतीत बाहेरचा गुरू शोधण्याचे कारणच नाही. संत गाडगे महाराज गावात शिरताच प्रथम हाती खराटा घेत, दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या नावाचे महाविद्यालय कराडात १९५४ पासून विद्यादान करीत आहे. पंढरपुरी चंद्रभागेच्या शुद्धीसाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये 'नमामि चंद्रभागा' हा उपक्रम जाहीर केला. कराड शहरानेही स्वच्छतेत आपली योग्यता सिद्ध केली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराडने देशात पहिला क्रमांक मिळविला. शेजारच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबविली व ती पाहण्यास दूरदूरचे अभ्यासक आले. मोजून घेतलेले पाणी जपून वापरले जाते, आणि जेवढे पाणी कमी वापरले जाते तेवढे सांडपाणीही कमी होते. रस्ते स्वच्छ ठेवणाऱ्या शहराला नदी स्वच्छ ठेवणे अशक्य नाही.

मालक नव्हे, विश्वस्त

देवस्थानाची मालमत्ता कोणाची? कायद्याच्या दृष्टीने ती देवाची असते. देवता ही कायद्याने व्यक्ती मानली जाते. विश्वस्त हे मालक नसतात. त्यांनी मालमत्ता सांभाळावयाची, तिचा विनियोग ठरलेल्या कार्यासाठी करावयाचा, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावयाचा आणि पुढील विश्वस्तांच्या हाती ती अभंग सोपवावयाची असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याचे सार हेच आहे. देवाच्या दागिन्यांतील एक मणी कमी झाला तरी विश्वस्तास उत्तर द्यावे लागते.

कृष्णामाई ही देवता आहे, असे आपण मानतो. मग तिचे पात्र, तिचे पाणी, तिचे काठ, तिच्यातील मासे ही तिची मालमत्ता झाली आणि काठावर राहणारे व दर्शनास येणारे आपण सर्व तिचे विश्वस्त झालो. वरच्या गावाने आपल्या स्वाधीन केलेले पाणी ही आपल्यापाशी आलेली ठेव आहे. ती वापरावी, तिने तहान भागवावी, शेत भिजवावे, देव न्हाऊ घालावा. परंतु पुढच्या घाटाच्या स्वाधीन करताना तिच्यात खोट असू नये. ठेवीत खोट करणाऱ्यास व्यवहारात जे नाव आहे, ते नदीच्या बाबतीत वेगळे असण्याचे कारण नाही.

भाविकांसाठी आचारनियम

संगमस्थानी येणाऱ्या यात्रेकरूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. तीर्थस्नानापूर्वी निवासस्थानी साधे स्नान करून यावे. नदीत साबण, शाम्पू, उटणे वापरू नये. तीर्थस्नान हे मनाच्या शुद्धीसाठी असते, अंगाच्या मळासाठी नव्हे.

२. निर्माल्य पाण्यात न सोडता निर्माल्य कलशात द्यावे. फुलांतील दोरे, प्लास्टिक, अगरबत्तीची वेष्टने आधीच वेगळी करावीत. घरच्या निर्माल्याचे खतही सहज होते. कुंडीत किंवा खड्ड्यात कोरडा पाला, निर्माल्य व थोडे शेण अथवा माती असे थर द्यावेत, ओलावा राखावा व अधूनमधून हलवावे. दोन-तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते व ते तुळशीला घालता येते.

३. ओटी कृष्णामाईच्या मंदिरात अर्पण करावी. खण, साडी, नारळ पाण्यात सोडू नये. देवीला अर्पण केलेले वस्त्र गरजू भगिनीच्या अंगावर जाणे अधिक पुण्यप्रद होय.

४. नदीत नाणी टाकू नयेत. पूर्वीची नाणी तांब्याची असत. आजची तशी नाहीत. तेच द्रव्य दानपेटीत अथवा अन्नदानास द्यावे.

५. गणेशमूर्ती शाडूची, लहान व नैसर्गिक रंगांची असावी. केंद्रीय मंडळाने २०१० मध्ये व पुन्हा २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्यांचे पालन करावे. विसर्जन कृत्रिम कुंडात किंवा घरी बादलीत करून ती माती झाडास घालावी. प्लास्टरची लहान मूर्ती असल्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचविलेल्या पद्धतीने, अमोनियम बायकार्बोनेट या चूर्णाच्या द्रावणात ती विरघळविता येते. मंत्रपूर्वक निरोप दिल्यावर मूर्तीतील देवत्व स्वस्थानी जाते. उरते ती माती, आणि मातीने मातीत जावे हेच योग्य.

६. अस्थिविसर्जन अल्प प्रमाणात व प्रतीकरूपाने करावे. रक्षा शेतात अथवा वृक्षारोपणाच्या खड्ड्यात घालण्याची प्रथा या भागातील अनेक गावांनी स्वीकारली आहे, तिचे अनुकरण करावे. मृताचे कपडे, अंथरूण, औषधे नदीत टाकू नयेत.

७. घाटावर कपडे, भांडी व वाहने धुऊ नयेत. प्रातर्विधीसाठी स्वच्छतागृहांचाच वापर करावा.

८. प्लास्टिक पिशव्या, द्रोण, पेले बरोबर आणू नयेत. आणल्यास परत न्यावेत. राज्यात मार्च २०१८ पासून प्लास्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे.

९. शक्य असेल त्याने दर्शनानंतर अर्धा तास घाटसेवा करावी. खराटा हाती घेण्याने कोणाचीही प्रतिष्ठा उणावत नाही.

कन्यागताची वाट

दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा कृष्णाकाठी कन्यागत महापर्वकाल साजरा होतो. त्या काळात साक्षात गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशी श्रद्धा आहे. वाईपासून नृसिंहवाडीपर्यंत सर्व घाटांवर लक्षावधी भाविक स्नानास लोटतात. याआधीचे कन्यागत पर्व २०१६ मध्ये आले होते. पुढील पर्व २०२८ मध्ये येत आहे.

घरी पाहुणा येणार म्हटले की गृहिणी अंगण सारविते, रांगोळी घालते, पाण्याचा हंडा घासून पुसून भरून ठेवते. गंगा येणार आहे कृष्णेच्या घरी. तिच्या स्वागताची सिद्धता कमानी व रोषणाई यांनी पूर्ण होणार नाही. नाल्यांची तोंडे नदीपासून वळलेली असावीत, घाटाच्या पायरीवरून तळाचा वाळूचा कण दिसावा, उन्हाळ्यातही पात्रात मासे फिरत असावेत, आणि प्रीतिसंगमावरून निघालेले पाणी औदुंबरच्या भाविकाने निःशंकपणे ओंजळीत घ्यावे, इतकी सिद्धता झाली म्हणजे पाहुणचार पावला असे म्हणता येईल. त्या सिद्धतेतील आपापला वाटा प्रत्येक यात्रेकरूने आजच्या दर्शनापासूनच उचलावा, हीच कृष्णामाईच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णामाई प्रसन्न ॥